पेठचा किल्ला

उंबरखिंडीचा विषय निघाला की आपले खालापूरकडचे मित्र अजूनही छाती काढून बोलतात, आणि ते योग्यच आहे. 2 फेब्रुवारी 1661 रोजी चावणीजवळच्या अरुंद वाटेत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज कोंडून त्याला शरण आणले. तिथे आता स्मारक आहे. आम्हा कर्जतकरांच्या वाट्याला मात्र एक हरलेली लढाई आली, आणि म्हणूनच की काय, ती फारशी कुणी सांगत नाही.

आंबिवलीहून डोंगर चढून गेले की सपाटीवर पेठ हे लहानसे गाव लागते. त्याच्या डोक्यावर उभा सुळका, तो कोथळीगड. आपल्याकडे त्याला पेठचा किल्लाच म्हणतात. सुळक्याच्या पोटात नक्षीदार खांबांची गुहा आहे, जवळच भैरोबा, आणि तिथून माथ्याकडे जाणारा जिना चक्क कातळाच्या आतून कोरून काढलेला. माथा एवढासाच, मोठी शिबंदी मावणारच नाही. एवढ्याशा जागेसाठी कोण भांडणार, असे पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते.

पण इथून खाली कोकणपट्टी दिसते आणि मागे भीमाशंकरचा डोंगर. घाटावर चढणाऱ्या वाटांवर नजर ठेवायला याहून सोयीची जागा नाही. संभाजी महाराजांच्या काळात इथे हत्यारांचा साठा असे. हे मोगलांना कळले, आणि नोव्हेंबर 1684 मध्ये अब्दुल कादिर आपली माणसे घेऊन आला. हत्यारे न्यायला आपलेच लोक आले आहेत, अशा समजुतीने आतल्यांनी दरवाजा उघडला. तट फोडावा लागला नाही, सुरुंग लावावा लागला नाही. आत शिरल्यावर मग झटापट झाली आणि गड गेला.

मराठ्यांनी तो सहज सोडला नाही. परत घेण्यासाठी झालेल्या लढाईत नारोजी त्रिंबक पडले. औरंगजेबाने गडाला नाव दिले ‘मिफ्ताहुल्फतह’, म्हणजे विजयाची किल्ली. रायगड-राजगडाच्या मानाने टिचभर असलेल्या सुळक्याला बादशहाने असे नाव द्यावे, यातच त्याची किंमत कळते. मला तरी आपल्या भागातला हा प्रसंग उंबरखिंडीइतकाच महत्त्वाचा वाटतो. तिथे वाट ठाऊक नसलेला शत्रू फसला, इथे शत्रू ओळखता न आल्याने आपण फसलो.

पुढे 1817 मध्ये पेशव्यांच्या बाजूने हा किल्ला घेतला गेला, पण 30 डिसेंबरला कॅप्टन ब्रुक्सने तो पुन्हा इंग्रजांकडे नेला. त्यानंतर गडाचे लष्करी काम संपले. वर आता कुणी राहत नाही. पेठ गाव मात्र आहे, आणि रविवारी गडावर येणाऱ्यांना तिथल्या घरांत पिठलं-भाकरी मिळते.

संमेलनानंतर ज्यांचे गुडघे अजून साथ देतात त्यांनी थंडीत एकदा जाऊन यावे. पावसाळ्यात नको, कातळातल्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात.