हरताळ आणि हुकूम

कृष्णा आणि तारळी यांच्या संगमावर वसलेले उंब्रज हे समर्थस्थापित अकरा मारुतींपैकी एकाचे गाव होय. या गावासंबंधीच्या जुन्या कागदांच्या नकला आम्ही काही वर्षांपासून संगणकावर उतरून घेत आहोत. त्यांत कोठे ‘उंबरज’, तर कोठे ‘उंब्रज’ असे लेखन आढळे. सर्वत्र एकच रूप असावे अशी बुद्धी आम्हांस एके दिवशी झाली, आणि एका ओळीचा हुकूम देऊन आम्ही ते करूनही टाकले. निमिषार्धात शेकडो फायली ‘शुद्ध’ झाल्या. आणि मूळ लेखकाने काय लिहिले होते, ते त्याच निमिषात पुसले गेले!

पूर्वी ही सोय नव्हती. पोथीतील चुकलेल्या अक्षरावर लेखनिक हरताळ नावाचे पिवळे द्रव्य लावी आणि त्यावर नवे अक्षर काढी. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तेथूनच आला. दुरुस्ती प्रत्येक प्रतीत स्वतंत्रपणे करावी लागे हे खरे. पण तो पिवळा डाग पाहून पुढील वाचकास कळे की, येथे हात फिरला आहे.

शब्द एकदम पालटण्याचा राजाज्ञेने झालेला प्रयत्नही आपल्या इतिहासात आहे. 1674 च्या राज्याभिषेकसमयी अष्टप्रधानांस संस्कृत पदनामे मिळाली: मुजुमदाराचा अमात्य झाला, डबिराचा सुमंत झाला, पेशव्याचा मुख्य प्रधान झाला. पुढे शिवछत्रपतींनी रघुनाथपंत हणमंते यांजकडून राज्यव्यवहारकोशही सिद्ध करविला. थोरल्या बाजीरावाच्या शिक्क्यावर ‘मुख्य प्रधान’ हीच अक्षरे होती; पण लोकांनी त्या राजवटीस नाव दिले ते पेशवाईच! दरबार आणि फौज हे शब्दही टिकले. माणसांच्या हातून होणाऱ्या बदलात प्रत्येक शब्दास आपली बाजू मांडावयास अवसर मिळतो.

यंत्र तो अवसर देत नाही. 1973-74 च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ली मॅकमॅहन यांनी रचलेला ‘सेड’ हा प्रोग्रॅम ओळीमागून ओळ वाचीत जातो, आणि सांगितलेली अक्षरे दिसली की त्यांच्या जागी दुसरी घालतो. शब्द कोठे संपतो हे बजावले नाही, तर ‘राव’ बदलताना तो ‘सराव’ही बदलील. दोष अर्थातच त्याचा नव्हे. मूळ फाईल निराळ्या नावाने राखून मगच बदल करण्याची सोय त्याच्या प्रचलित आवृत्तीत आहे. ती आम्हीच वापरली नव्हती.

सुदैवाने मूळ कागदांची छायाचित्रे आमच्यापाशी होती. त्यांवरून एकेक नक्कल पुन्हा ताडून पाहिली. निमिषार्धाचे ते काम निस्तरावयास दोन महिने लागले. आता हुकूम देण्यापूर्वी बदलणारी प्रत्येक ओळ आम्ही वाचतो, आणि जुनी प्रत बाजूस ठेवतो. यंत्राच्या दुरुस्तीवर पिवळा डाग उमटत नाही. तो आपला आपणच राखावा लागतो.