गुडवुडच्या बारा फेऱ्या

वाङ्मयेतिहासात 'प्रमुख' आणि 'गौण' अशी विभागणी आपण सहज करतो. ती बहुधा नंतरच्यांनी केलेली असते, याचे भान मात्र राहत नाही. मोटारशर्यतींच्या इतिहासातही असेच घडले. १९५० साली जागतिक अजिंक्यपद सुरू झाले. ज्या शर्यती त्यात मोजल्या गेल्या, त्यांना इतिहासात स्थान मिळाले. बाकीच्या तळटीपेत गेल्या. ३० सप्टेंबर १९५० रोजी इंग्लंडमध्ये झालेली एकआसनी मोटारींची 'गुडवुड ट्रॉफी' ही अशीच एक तळटीप. फेऱ्या अवघ्या बारा, अंतर सुमारे ४६ किलोमीटर. त्याच वर्षी मे महिन्यात सिल्व्हरस्टोनला झालेली ब्रिटिश ग्रां प्री हिच्या सातपट लांब होती.

तरीही या छोट्या शर्यतीवर एका थकलेल्या देशाची आशा लागून होती. महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग १९५० च्या मे महिन्यापर्यंत चालू होते. गुडवुडचा मार्ग म्हणजेही युद्धकाळातील विमानतळाभोवतीचा रस्ता. अशा काळात रेमंड मेज आणि पीटर बर्थन यांनी अनेक ब्रिटिश कारखान्यांच्या मदतीने बी.आर.एम. ही मोटार उभी केली. दीड लिटरच्या इंजिनात सोळा सिलिंडर, म्हणजे एकेकाच्या वाट्याला शंभर घनसेंटिमीटरही नाहीत! इंजिनाची गती वाढेल तसा सुपरचार्जरचा दाब झपाट्याने चढे आणि सगळी शक्ती एकदम मागच्या चाकांवर येई. अभियंत्यांच्या महत्त्वाकांक्षेने चालकाच्या सोयीवर केलेली ही कुरघोडीच होती, असे आम्हांला वाटते.

ऑगस्टमध्ये सिल्व्हरस्टोनला ती प्रथम शर्यतीत उतरली. चालक होते फ्रान्सचे रेमों सोमेर. निशाण पडले आणि मोटार जागीच निकामी झाली. काही प्रेक्षकांनी चेष्टेने तिच्यावर पेनीची नाणी फेकली. बी.आर.एम.ची कथा सांगणारे बहुतेक जण ही नाणी विसरत नाहीत. गुडवुड मात्र विसरतात. सोमेर स्वतः गुडवुडपर्यंत पोहोचलेच नाहीत. १० सप्टेंबरला फ्रान्समधील कादूर येथे, तशाच एका छोट्या शर्यतीत, ते अपघातात मरण पावले. मृत्यू शर्यतीची प्रतवारी पाहत नाही.

गुडवुडला पाऊस होता. ओल्या रस्त्यावर मागची चाके जागच्या जागी गरगरण्याची भीती असलेली ही मोटार रेज पार्नेल यांनी सांभाळून हाकली. आधी पाच फेऱ्यांची एक शर्यत आणि मग ही ट्रॉफी, अशा दोन्ही त्यांनी जिंकल्या. सयामचे राजपुत्र बिरा मासेरातीतून दुसरे आले. त्या वर्षी अजिंक्यपद गाजवणाऱ्या अल्फा रोमिओ तेथे नव्हत्या, हे मान्य करायला हवे. पण पहिल्या खेपेला जागची न हललेली मोटार पावसात बारा फेऱ्या पुऱ्या करते, याचे मोल प्रतिस्पर्ध्यांच्या यादीवरून ठरवता येणार नाही.

पुढे ऑक्टोबरमध्ये बार्सिलोनाला दोन्ही बी.आर.एम. निम्म्यातच बंद पडल्या. १९५२ साली अजिंक्यपदाच्या शर्यती वेगळ्या, लहान इंजिनांच्या नियमांनुसार होऊ लागल्या आणि त्या सोळा सिलिंडरांना मोठ्या मैदानात जागा उरली नाही. संस्थाही त्याच वर्षी आल्फ्रेड ओवेन यांच्याकडे गेली. बी.आर.एम.ला अजिंक्यपद मिळाले ते १९६२ मध्ये, ग्रॅहॅम हिल यांच्यामुळे. त्याच वर्षी ईस्टरच्या सोमवारी हिल यांनी गुडवुडलाच ग्लोव्हर ट्रॉफी जिंकली. त्या शर्यतीत स्टर्लिंग मॉस गंभीर जखमी झाले आणि त्यांची ग्रां प्रीची कारकीर्द तेथेच संपली. तीही शर्यत अजिंक्यपदात मोजली गेलेली नाही.