गर्भात जीव केव्हा येतो?

‘डोहाळे’ हा मराठी घरांतील नित्याचा शब्द. त्याचा संबंध संस्कृत ‘दौहृद’शी, म्हणजे एका देहात दोन हृदये असण्याशी, जोडला जातो. सुश्रुतसंहितेनुसार चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते आणि त्यासोबत चेतनाही. म्हणून गर्भिणीच्या इच्छा या गर्भाच्याही इच्छा ठरतात. चरकसंहितेच्या मते मात्र शुक्र, शोणित आणि जीव यांचा गर्भाशयातील संयोग म्हणजेच गर्भ. गर्भोपनिषद तर जीवाचा संयोग सातव्या महिन्यात सांगते. एकाच परंपरेची ही तीन उत्तरे वादाच्या भरात सहसा विसरली जातात.

इस्लाममध्ये हदीसच्या आधारे अनेक धर्मपंडित १२० दिवसांनंतर गर्भात रूह फुंकली जाते, असे मानतात. कॅथलिक चर्च आज गर्भधारणेच्या क्षणापासून जीविताच्या रक्षणाचा आग्रह धरते. परंतु तेराव्या शतकात थॉमस अ‍ॅक्वायनस यांनी अ‍ॅरिस्टॉटलला अनुसरून मानवी आत्मा नंतर येतो, असेच प्रतिपादन केले होते.

भारतीय कायद्याने या प्रश्नात न शिरता आठवडे मोजले. १९७१ च्या कायद्यातील २० आठवड्यांची मर्यादा २०२१ मध्ये ठरावीक गटांतील महिलांसाठी २४ आठवडे झाली. गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने निदान केल्यास ही मर्यादा लागू होत नाही. तरीही प्रश्न न्यायालयाच्या दारात येतोच. ऑक्टोबर २०२३ मध्ये २६ आठवड्यांच्या गर्भवती विवाहितेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयातील दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. अखेर त्रिसदस्यीय खंडपीठाने तिला परवानगी नाकारली.