फॉल्ट टॉलरंट सर्व्हर म्हणजे काय? 'हाय अव्हेलेबिलिटी'पेक्षा तो वेगळा कसा?

एटीएममधून पैसे काढताना बँकेचा सर्व्हर बंद पडला तर? 'हाय अव्हेलेबिलिटी' यंत्रणेत दुसरा सर्व्हर काम हाती घेतो. हा 'फेलओव्हर'. त्यात थोडा वेळ जातो, अर्धवट व्यवहार पुन्हा करावा लागू शकतो.

'फॉल्ट टॉलरंट' यंत्रणेत एखादा भाग बिघडला तरी काम सुरूच राहतं. टँडम कंपनीच्या 'नॉनस्टॉप'मध्ये (१९७६) मुख्य प्रोसेससोबत ताज्या नोंदींसह राखीव प्रोसेस तयार असते. स्ट्रेटसच्या सर्व्हरमध्ये जुळे हार्डवेअर संच एकाच वेळी तीच सूचना पाळतात. हे 'लॉकस्टेप'.

'फाइव्ह नाइन्स' म्हणजे ९९.९९९ टक्के उपलब्धता, वर्षाला जेमतेम सव्वापाच मिनिटं बंद.

पण लक्षात ठेवा, प्रोग्रामच चुकीचा असेल तर लॉकस्टेपमधले दोन्ही संच तीच चूक करतात. त्यामुळे बॅकअप लागतोच.