स्थिर यंत्रे, पुसट माणसे

१८३८ साली दागेर यांनी पॅरिसमधील एका वर्दळीच्या रस्त्याचे छायाचित्र घेतले. प्रकाश काही मिनिटे घ्यावा लागत असल्यामुळे चालती माणसे आणि गाड्या त्यात उमटल्याच नाहीत. उरला तो बूट पुसून घेण्यासाठी स्थिर उभा राहिलेला एक गृहस्थ.

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक इतिहासाचा विचार करताना आम्हांला हे चित्र आठवते. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे टेल्को, बजाज आले आणि कारखाने चाकणपर्यंत पोहोचले. मित्तर बेदी यांच्यासारख्या छायाचित्रकारांनी स्वतंत्र भारतातील उद्योगाला भव्य कृष्णधवल रूप दिले. मात्र कारखान्यात यंत्राचा सांगाडा स्थिर असतो आणि कामगाराचे हात हलत असतात, ही अडचण डिजिटल कॅमेऱ्यानेही संपलेली नाही.

तिपाईवरून अर्ध्या सेकंदाचे छायाचित्र घेतले की यंत्र रेखीव येते, माणूस पुसट होतो. वाइड अँगल भिंग जवळून वापरले तर पुढचे यंत्र फुगते, मागचा कामगार खुजा दिसतो. समोरून मारलेला फ्लॅश तेलकट पत्र्यावर चमकतो. याउलट आयएसओ १६०० पर्यंत वाढवून शटर १/१०० सेकंदावर ठेवले, तर चित्र थोडे रवाळ होते, पण चेहरा टिकतो. ५० हर्ट्झवरील ट्यूबलाइटच्या लुकलुकीचे पट्टेही सहसा उमटत नाहीत.

रवाळपणा पत्करावा की माणूस गमवावा, याचा निर्णय छायाचित्रकार क्षणात करतो. या पट्ट्याचा इतिहास चित्रांवरून वाचणाऱ्याने त्या निर्णयाचीही चौकशी करावी.