दुधाची मूठ

दहा महिन्यांचं बाळ. अजून धड 'आई' म्हणता येत नाही. भूक लागली की ते हात पुढे करतं, मूठ आवळतं, सोडतं, पुन्हा आवळतं. गाईची धार काढताना हात चालतो, तसा. आई लगेच ओळखते, दूध हवंय. पाच-पाच बोटांची टोकं चिमटीसारखी जुळवून एकमेकांवर टेकवली, की 'अजून दे'.

या खुणा अमेरिकी सांकेतिक भाषेतल्या. कानांनी धडधाकट असलेल्या बाळांच्या घरी त्या आल्या कशा, याचा माग काढत निघालं की वाट कर्णबधिरांच्या दारात जाऊन पोचते.

जवळचं पाऊल 1999 सालचं. सांकेतिक भाषेचे दुभाषे असलेल्या जोसेफ गार्सिया यांचं बाळांच्या खुणांवरचं पुस्तक त्या वर्षी आलं. त्यांच्या नजरेत एक गोष्ट भरली होती. कर्णबधिर आईबापांची ऐकू येणारी मुलं बोलायच्या आधीच हातांनी घरच्यांशी संवाद साधतात. मग इतर घरांतल्या बाळांनी का नाही?

दुसरी पायवाट कॅलिफोर्नियातली. 1982च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ लिंडा अॅक्रेडोलो यांची वर्षाची मुलगी फुलाकडे बोट दाखवून नाकाने हुंगायची. 'फूल' हा शब्द तिने स्वतःच नाकावर आणला होता. त्यावरून अॅक्रेडोलो आणि सुझन गुडविन यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि 1996मध्ये पुस्तक लिहिलं.

बाळं शब्दांआधी हात वापरतात, यात नवल वाटायला नको. बोलायचं तर श्वास, कंठ, जीभ, ओठ यांचा मेळ जमावा लागतो. हाताला तेवढी वाट पाहावी लागत नाही. 'बाप्पाला जय कर' म्हटलं की आपलंही बाळ हात जोडतं, कुणी निघालं की टाटा करतं, वाटी रिकामी झाली की तळवे उलटे करून 'संपलं' सांगतं. शब्द मागाहून येतात.

पण खूण वेगळी आणि भाषा वेगळी. हा फरक अभ्यासातून मांडला जायला 1960 साल उजाडावं लागलं. अमेरिकेत कर्णबधिरांच्या गॅलॉडेट कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या विल्यम स्टोकी यांनी दाखवून दिलं, की सांकेतिक भाषेतला प्रत्येक शब्द हाताचा आकार, जागा आणि हालचाल यांनी घडतो, जसा बोललेला शब्द ध्वनींनी. 1991मध्ये लॉरा-अॅन पेटिटो आणि पॉला मॅरेंटेट यांनी तर कर्णबधिर बाळांना हातांनी बोबडं बोलताना टिपलं. आपलं बाळ 'बाबाबा' करतं, तशी ती बोटांनी निरर्थक अक्षरं घोळवत होती.

आणखी मागे गेलं की वाट काट्यांची होते. 1880मध्ये मिलानला कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. मुलांना तोंडी भाषेतच शिकवावं, असा ठराव झाला. कितीतरी शाळांतून हातांची भाषा हद्दपार झाली, कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. त्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त व्हायला 2010 उजाडलं, व्हँकुव्हरला.

मिलानच्या आधीचा काळ मोकळा होता. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये धर्मगुरू द लेपे यांनी कर्णबधिरांकडून खुणा शिकून घेतल्या आणि त्यांच्यासाठी शाळा काढली. त्याच शाळेचे कर्णबधिर शिक्षक लोराँ क्लेर अमेरिकेला गेले. 1817मध्ये हार्टफर्डला थॉमस गॅलॉडेट यांच्यासोबत त्यांनी शाळा उभी केली. तिथे फ्रेंच खुणा आणि मुलांनी घरून आणलेल्या खुणा मिसळल्या, आणि अमेरिकी सांकेतिक भाषा आकाराला आली. बाळाची ती मूठ याच घराण्यातली.

खुणांमुळे बाळ लवकर बोलू लागतं, हुशार होतं, असं विक्रीच्या भाषेत सांगितलं जातं. इंग्लंडमध्ये एलिझाबेथ कर्क आणि सहकाऱ्यांनी 2013मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 40 बाळं आठव्या महिन्यापासून विसाव्यापर्यंत पाहिली. भाषेला वेग आल्याचं दिसलं नाही. मात्र ज्या आयांना खुणा शिकवल्या होत्या, त्या बाळाच्या न बोललेल्या गोष्टी अधिक टिपू लागल्या होत्या. मला हेच मोठं वाटतं. खुणांनी बाळ बदलो न बदलो, आईची नजर बदलते.

म्हणूनच एक गोष्ट जिवाला लागते. अमेरिकेत दहातली नऊहून अधिक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. त्यांच्या घरात ही भाषा कुणालाच येत नसते, आणि 'हातांची सवय लागली तर बोलणार नाही' ही मिलानची भीती अजून पुरती गेलेली नाही. ज्याला शब्द उद्या मिळणारच आहेत, त्या बाळाला खुणा हौसेने शिकवायच्या. ज्याला त्यांच्यावाचून भाषाच उशिरा भेटणार, त्याला मात्र थांबवायचं!

आपल्याकडे भारतीय सांकेतिक भाषा आहे. 2015मध्ये दिल्लीत तिचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र स्थापन झालं. तिचा 10,000 शब्दांचा कोशही तयार आहे. बाळाला खुणा शिकवायची हौस असेल तर त्या आपल्याच कर्णबधिर माणसांकडून शिकाव्यात, आणि त्या कुणाच्या आहेत हे घरात सांगावं. आणि बाळाला ऐकू येत नाही असं कळेल, त्या दिवशी श्रवणयंत्राची चौकशी जरूर करावी; पण संध्याकाळच्या दुधाआधी त्याच्यासमोर बसून, त्याला दिसेल असा हात धरून, दुधाची खूण करावी.