बांधाची जबाबदारी : दख्खनमधील शेतहद्द आणि कायदा

प्रस्तावना

ग्रामीण महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालणारे अनेक तंटे शेताच्या बांधावरून उद्भवलेले आढळतात. दोन शेतांमधील हद्द कोणी राखावयाची, तिचा खर्च कोणी सोसावयाचा आणि ती मोडल्यास जाब कोणाला विचारावयाचा, हे प्रश्न वरवर किरकोळ वाटले तरी त्यांत जमीनधारणेचा इतिहास साठविलेला आहे. ही जबाबदारी गावाकडून व्यक्तिगत खातेदाराकडे कशी आली आणि या स्थित्यंतरात काय सुटून गेले, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

स्मरणातील हद्द

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सीमाविवादाचे स्वतंत्र विवेचन आहे. हद्दीवर वड, पिंपळ यांसारखे वृक्ष लावावेत आणि जमिनीखाली दगड, हाडे, खापऱ्या अशा गुप्त खुणा पुराव्यात, असे तेथे सांगितले आहे. साक्षीदारांनी डोक्यावर माती घेऊन, तांबडी वस्त्रे व माळा धारण करून हद्द सांगावी, असाही निर्देश आहे. मराठेशाहीत शिवेचे तंटे गोतसभेपुढे येत व निवाड्याचा महजर केला जाई. शीव दाखविण्याच्या कामी वतनदार महाराच्या साक्षीला विशेष मान होता. हद्दीचे ज्ञान मुख्यतः माणसांच्या स्मरणात असल्याने ती राखण्याचे दायित्वही सामूहिक होते.

नकाशातील हद्द

इंग्रजी अमलात हे चित्र पालटले. प्रिंगल यांची आधीची पाहणी अपयशी ठरल्यानंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात नव्या पद्धतीने मोजणी हाती घेतली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने त्या पद्धतीला नियमबद्ध रूप दिले. प्रत्येक शेताला क्रमांक मिळाला, हद्दीवर दगड व मातीच्या खुणा उभ्या राहिल्या आणि सारा त्या क्रमांकावर बसला. हद्द अचूक राहणे ही आता सरकारी महसुलाची गरज बनली.

१८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने या व्यवस्थेस भक्कम आधार दिला. एकदा ठरविलेली हद्द दोन्ही बाजूंच्या धारकांच्या हक्कांबाबत निर्णायक मानली गेली. आपल्या जमिनीची सीमाचिन्हे सुस्थितीत राखण्याची जबाबदारी प्रत्येक धारकावर टाकण्यात आली. त्याने हयगय केल्यास महसूल अधिकाऱ्याने दुरुस्ती करावी व खर्च धारकाकडून वसूल करावा, अशी तरतूद झाली. गावाच्या साक्षीची जागा मोजणीच्या नकाशाने घेतली.

कुंपण : कर्तव्य की हक्क?

येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. कायद्याने सीमाचिन्ह राखण्याची सक्ती केली. कुंपण घालण्याची नव्हे. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणासंबंधीच्या कायद्याने, पिकात शिरून नुकसान करणारी गुरे पकडून चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पाठविण्याचा अधिकार शेतकऱ्यास दिला. गुरे आवरण्याची जबाबदारी अशा रीतीने गुरांच्या मालकाकडे गेली. परिणामी बाभळीच्या काट्यांचे वा निवडुंगाचे कुंपण ही शेतकऱ्याच्या इच्छेची बाब राहिली. त्याच्या खर्चाची वाटणी मात्र शेजारधर्मावरच सोपविली गेली.

१९६६ ची संहिता

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या आठव्या प्रकरणात ही परंपरा पुढे चालू राहिली. कलम १४१ अन्वये सीमाचिन्हांच्या देखभालीची जबाबदारी धारकावर आहे; कलम १४५ मध्ये चिन्ह हेतुपुरस्सर नष्ट करणाऱ्यास दंड सांगितला असून त्याचा अर्धा भाग खबर देणाऱ्यास देता येतो. मात्र सामाईक कुंपणाचा खर्च दोघांनी कसा वाटून घ्यावा, याचा विचार या प्रकरणात नाही. कलम १४३ विशेष उल्लेखनीय आहे. शेतात जाण्यास वाट नसलेल्या शेतकऱ्यास हद्दीवरून मार्ग देण्याचा अधिकार त्यान्वये तहसीलदारास आहे. बांध ही केवळ दोन मालकींना तोडणारी रेषा नसून जोडणारी वाटही आहे, याची ही कायदेशीर कबुलीच होय.

निष्कर्ष

वारसांमधील वाटण्यांनी शेते लहान झाली. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानेही ही प्रक्रिया पूर्णतः थांबली नाही. शेत जितके लहान, तितका त्याच्या क्षेत्राच्या मानाने बांध लांब. आणि देखभालीचा भारही तितकाच अधिक. दगड उपटणे हा दृश्य अपराध आहे, परंतु दरवर्षीच्या नांगरटीत वीतभर बांध कोरला जाणे सहसा कोणाच्या नजरेस येत नाही. ते सिद्ध करण्यासाठी शुल्क भरून सरकारी मोजणी आणावी लागते व प्रसंगी दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते. अल्पभूधारकास हे दोन्ही जड जाते. नकाशाने हद्दीला निश्चिती दिली, हे निर्विवाद. तथापि बांधावर रोज नजर ठेवणारी गावाची सामूहिक यंत्रणा त्याबरोबर दुबळी झाली. कायद्याने प्रत्येक धारकाकडे आपापले चिन्ह सोपविले; दोघांचा मिळून असलेला बांध मात्र कोणा एकाचा राहिला नाही.